शाळा सुटल्यानंतरची शाळा

शाळांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. कोणती शाळा कोणत्या साली उघडली, तिची कोनशिला कोणी बसविली, तिचे पहिले मुख्याध्यापक कोण होते, हे सारे सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांतून आपल्याला वाचावयास मिळते. परंतु शाळेची शेवटची घंटा झाल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या दोन-तीन तासांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. त्या तासांचा हजेरीपट नसतो, त्यांची परीक्षा नसते, त्यांच्यासाठी सरकारी अनुदानही नसते. तरीसुद्धा मूल घडते किंवा बिघडते ते पुष्कळदा याच तासांत, हे कोणतीही आई सांगू शकेल.

नागपूरच्या इतवारी भागाकडे पाहताना हा विचार आमच्या मनात वारंवार येतो. भोसल्यांच्या या राजधानीत वारांच्या नावांनी बाजार भरले आणि वस्त्या वसल्या: मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी आणि इतवारी. इतवार म्हणजे आदित्यवार. वसई-गोव्याकडील आमचे बांधव ज्याला 'आयतार' म्हणतात तोच हा शब्द. फरक इतकाच की त्यांच्या आयताराला मिस्साची घंटा वाजते आणि नागपूरच्या इतवाराला बाजार भरत असे. किराणा ओळ, लोहा ओळ, भांडे ओळ, सराफा अशा एकेका मालाच्या ओळी, अरुंद रस्ते, हातगाड्या आणि पोत्यांच्या थप्प्या हे इतवारीचे रूप. घाऊक व्यापाराचा मोठा भाग कळमन्याच्या बाजाराकडे गेला, तरी इतवारीची वर्दळ ओसरलेली नाही. या वर्दळीत हमालांची, दुकानांतील नोकरांची, कारागिरांची मुले वाढतात. घरात पाय पसरावयास जागा नाही आणि गल्लीत चेंडू टाकावयास मोकळा तुकडा नाही. सायंकाळी शाळा सुटली की हे सात-आठ वर्षांचे मूल कोठे जाते?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो फार जुना आहे. ख्रिस्तसभेने तो अनेक शतके हाताळला, समाजसुधारकांनी हाताळला, गिरणीमालकांनाही तो टाळता आला नाही. त्या साऱ्या धडपडीची ओळख वाचकांना करून द्यावी आणि तिच्या प्रकाशात आपल्या धर्मग्रामांनी काय करावे याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घंटा आणि गल्ली

६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. त्यांच्या तेथील पहिल्या काही महिन्यांचे जे चित्र परंपरेने जपले आहे, त्यात हाती घंटा घेऊन रस्त्यांतून फिरणारा एक धर्मगुरू दिसतो. घंटा ऐकून मुले आणि घरोघरचे गुलाम बाहेर येत. त्यांना घेऊन ते चर्चमध्ये जात आणि प्रार्थना व श्रद्धेची सूत्रे चालीवर म्हणवून घेत. पुढे मासेमारांच्या किनाऱ्यावर असताना मुलांनी आपल्याला असे वेढून टाकले आहे की प्रार्थनेलाही सवड मिळत नाही, अशी गोड तक्रार त्यांनी आपल्या पत्रात केली आहे. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की मूल चर्चकडे येण्याची वाट न पाहता धर्मगुरूच मुलाच्या गल्लीत गेला.

त्याच सुमारास युरोपातही हा प्रयोग चालू होता. मिलान शहरात १५३६ साली कास्तेल्लीनो दा कास्तेल्लो या धर्मगुरूने रविवारी व सणांच्या दिवशी भरणाऱ्या शाळा सुरू केल्या. इतर दिवशी मुले कामाला जुंपलेली असत, म्हणून सुटीचे दिवस निवडले. तेथे धर्मशिक्षणाबरोबर वाचन व लेखनही शिकवीत. शिकविणारे बहुतांशी साधे प्रापंचिक स्त्री-पुरुष होते. मिलानचे महागुरू संत चार्ल्स बोरोमिओ यांनी या शाळांना आपला भक्कम आधार दिला. १५८४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या धर्मप्रांतात अशा ७४० शाळा आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. त्या काळी छापील पुस्तक ही चैनीची वस्तू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

आपल्या नागपूरशी ज्यांचे नाते अधिक जवळचे, ते संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७-१६२२) याच परंपरेतील. १६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले आणि आन्सी गावी राहू लागले. तेथे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग त्यांनी स्वतःकडे घेतला. मार्टिन नावाच्या एका कर्णबधिर तरुणाला शिकविण्यासाठी त्यांनी हातांच्या खुणांची भाषा योजली. म्हणूनच ख्रिस्तसभा त्यांना कर्णबधिरांचे आश्रयदाते मानते. जो विद्यार्थी कोणत्याही वर्गात बसू शकत नव्हता, त्याच्यासाठी बिशपांनी वर्गाची रीतच बदलली. नागपूरचे कॅथेड्रल याच संताला अर्पण केलेले आहे, ही गोष्ट आपण पुष्कळदा नुसती पाटीवर वाचून पुढे जातो.

टाचण्यांचा कारखाना आणि तुरीनचे रस्ते

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये कारखाने आले आणि मुलांच्या बालपणावर नवे संकट कोसळले. ग्लॉस्टर शहरात टाचण्या बनविण्याच्या कामावर लहान मुले आठवड्याचे सहा दिवस राबत. रविवार हा त्यांचा एकमेव मोकळा दिवस. तो ती रस्त्यावर दंगामस्तीत घालवीत. रॉबर्ट राईक्स या वृत्तपत्रमालकाने १७८० साली त्यांच्यासाठी रविवारची शाळा उघडली. पुढे प्रॉटेस्टंट जगात सर्वत्र पसरलेल्या संडे स्कूलचा हा आरंभ समजला जातो. आज संडे स्कूल म्हटले की केवळ बायबलचा वर्ग डोळ्यांसमोर येतो, पण त्या काळी मुलाला अक्षरओळख करून देणे हे तिचे मोठे काम होते.

तुरीनचे संत जॉन बॉस्को यांचे कार्य आपल्या वाचकांना परिचित आहे. तरी त्यातील काही तपशील या विषयाच्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहेत. ८ डिसेंबर १८४१ रोजी चर्चच्या वस्त्रागारात एका पोरक्या, अक्षरशून्य मुलाशी ते मायेने बोलले आणि तेथून त्यांच्या 'ओरेटरी'चा प्रारंभ झाला. ओरेटरी म्हणजे प्रार्थनास्थळ, पण डॉन बॉस्कोंच्या हाती त्या शब्दाचा अर्थ पालटला. प्रार्थना, अक्षरे, गाणे, सहल आणि मनमुराद खेळ यांना तेथे सारखेच स्थान मिळाले. मुले गोंगाट करतात म्हणून शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या. एकामागून एक जागा सोडाव्या लागल्या. आपल्या या मित्राचे डोके फिरले आहे असे काही सहकारी धर्मगुरूंना वाटू लागले. अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को येथील एका ठेंगण्या छपराखाली त्यांना कायमची जागा मिळाली.

दिवसा गवंड्याच्या वा सुताराच्या हाताखाली राबणाऱ्या या मुलांसाठी त्यांनी सायंकाळचे वर्ग काढले. त्या राज्यात १८५० पासून दशमान मापे सक्तीची होणार होती. आपल्या मुलांना मजुरी मोजून घेताना कोणी फसवू नये म्हणून डॉन बॉस्कोंनी दशमान पद्धतीवर सोपे पुस्तक लिहिले. भारतात १९५७ साली दशमान नाणी आली आणि १९५८ पासून शेर-मणाची जागा किलोग्रॅम घेऊ लागला. तेव्हा इतवारीच्या बाजारात किती अडाणी गिऱ्हाइकांचा हिशेब चुकला असेल, याची कल्पना केली म्हणजे त्या पुस्तकामागची माया समजते. बाजाराच्या गल्लीतील मुलाला हिशेब नीट आला पाहिजे. तो आनंदाने आला तर अधिकच उत्तम.

डॉन बॉस्कोंनी आपल्या संस्थेला स्वतःचे नाव दिले नाही. सौम्यतेचा आदर्श म्हणून त्यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव निवडले, आणि त्यावरूनच त्यांचे अनुयायी सलेशियन म्हणविले जाऊ लागले. तुरीनचे छप्पर आणि नागपूरचे कॅथेड्रल अशा रीतीने एकाच नावाने जोडले गेले आहेत.

राजधानी, छावणी आणि गिरणी

आता नागपूरकडे वळू. १३ फेब्रुवारी १८४५ रोजी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप येथे आले. तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघोजी भोसले होते. १८४६ साली हिस्लॉप यांनी शहरात शाळा उघडली. पंथभेद बाजूला ठेवून आम्ही त्यांचे नाव आदराने घेतो. नागपूरच्या परिसरातील दगड, जीवाश्म, वनस्पती, आदिवासींच्या भाषा व चालीरीती या साऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. शिक्षकाचे कुतूहल वर्गाच्या चार भिंतींत मावत नसते, याचा ते मूर्तिमंत दाखला होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळचे उत्खनन पाहून परतताना बोरीची शाळा तपासण्यासाठी ते मागे थांबले. अंधारात पुराने फुगलेला नाला ओलांडताना त्यांना मृत्यू आला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले.

कॅथलिक मिशनचा प्रवाह आन्सीहूनच आला. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ मध्ये स्थापिलेल्या संघाचे पहिले मिशनरी फेब्रुवारी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला पोहोचले. नागपूर-कामठीचा मुलूख तेव्हा त्याच मिशनच्या कक्षेत होता. ११ जुलै १८८७ रोजी नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले. मिशनच्या शाळा वाढल्या, नावारूपाला आल्या. मात्र त्या शाळांच्या फाटकाबाहेर राहिलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न गावात होताच.

पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये दिवसभर कष्ट करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू करून या प्रश्नाला एक उत्तर दिले होते. ते व सावित्रीबाई स्वतः तेथे शिकवीत. जोतीरावांचे स्वतःचे इंग्रजी शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते, याचीही आठवण ठेवावयास हवी.

नागपुरात हा प्रश्न तीव्र झाला तो गिरणीमुळे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमागावर जगणाऱ्या कोष्टी समाजाच्या या शहरात भोंग्याचे युग आले. त्या काळी देशभरच्या कापड गिरण्यांत लहान मुले कामाला असत. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, पण सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ तास राबविण्याची मुभा ठेवली. १८९१ मध्ये वयाची मर्यादा नऊवर गेली आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सात तास ठरले. १९२२ मध्ये ती मर्यादा बारावर आली आणि पंधरा वर्षांखालील मुलांसाठी सहा तास ठरले. वाचकांनी हे आकडे सावकाश वाचावेत. आज आपण ज्याला तिसरी-चौथीचे मूल म्हणतो, ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्याच्या दृष्टीने कामगार होते.

एम्प्रेस मिलच्या व्यवस्थापनाने १९२० च्या दशकात कामगार वस्त्यांतील कल्याणकार्य वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती संस्थेकडे सोपविले. रात्रीचे वर्ग, खेळ, आरोग्याची देखभाल अशी कामे वस्तीत जाऊन करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक फेटाळले गेले होते. मध्य प्रांतात त्यासंबंधीचा कायदा १९२० मध्ये झाला, पण सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क देशभर अमलात येण्यास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. मधल्या काळात गरीब मुलाचे शिक्षण झाले ते पुष्कळदा अशा सायंकाळच्या, रात्रीच्या, उसन्या जागेतील वर्गांतूनच.

जाईबाईंची पाटी

या इतिहासात एक नाव असे आहे की ते नागपूरच्या प्रत्येक ख्रिस्ती घरात माहीत असावयास हवे. ते नाव जाईबाई चौधरी यांचे. १८९२ साली उमरेड येथे एका महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९६ च्या दुष्काळाने कुटुंब नागपूरला आले. १९०१ मध्ये, म्हणजे आजच्या चौथीतील मुलीच्या वयात, त्यांचे लग्न झाले. घर चालविण्यासाठी त्या नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहू लागल्या. हे अंतर पंधरा-सोळा किलोमीटरचे आहे. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी भगिनीने या हमाल मुलीला पाहिले, तिला शिकण्यास साहाय्य केले आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपये पगारावर शिक्षिकेची जागा दिली.

येथपर्यंतची कथा सांगताना आपली मान ताठ होते. पुढची कथा सांगताना ती खाली जाते. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकविते हे कळताच वरच्या जातींच्या पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. शाळेची भिंत मिशनची होती, तरी जातीची भिंत तिच्या आत शिरली होती. जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली आणि त्या पुन्हा ओझी वाहू लागल्या.

जाईबाई मात्र तेथे थांबल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्याशाळा काढली. ज्या मुलींना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांना त्यांनी आपल्या अंगणात बसविले. पुढे डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतील स्त्रियांमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात अशा स्त्रियांची चरित्रे नोंदविल्यामुळे हा ठेवा आपल्या हाती राहिला.

जाईबाईंची कथा आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली. मुलांसाठी वर्ग काढणे सोपे असते. त्या वर्गात कोणी कोणाच्या शेजारी बसावयाचे आणि कोणी शिकवावयाचे, हा प्रश्न आला की खरी परीक्षा होते. आपल्या धर्मग्रामातही जात पूर्णपणे विरघळली आहे, असे छातीवर हात ठेवून किती जणांना म्हणता येईल?

कुरण, गोष्ट आणि खेळघर

जाईबाईंच्याच जन्मसाली, १८९२ मध्ये, ताराबाई मोडक यांचा जन्म झाला. त्यांच्या आयुष्यातील काही वर्षे आपल्या अमरावतीत गेली. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे चारावयास जातात, हे दिसताच शिक्षिकाच कुरणात गेली आणि 'कुरणशाळा' जन्मली. झेवियरांची घंटा गोव्याच्या गल्लीत फिरली होती, अनुताईंची पाटी गुरांमागे फिरली. दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती: मुलाचा वेळ मोकळा असेल तेव्हा आणि ते असेल तेथे आपण जावयाचे.

साने गुरुजींच्या निधनानंतर १९५१ मध्ये प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने कथामाला सुरू झाली. मुलांना एकत्र बसवून गोष्ट सांगावयाची, एवढीच तिची सामग्री होती. खर्च काहीच नाही, पण एका पिढीचे कान आणि मन तिने तयार केले. १९५६ मध्ये दिल्लीत पंडित नेहरूंच्या प्रेरणेने बालभवन उघडले. तोच विचार मुंबई-पुण्यातही रुजला. पुण्यात 'पालकनीती परिवारा'ने १९९६ मध्ये कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतील मुलांसाठी 'खेळघर' सुरू केले. तेथे शाळेबाहेरच्या वेळात मुले खेळतात, चित्रे काढतात, वाचतात, भांडतात आणि भांडण बोलून मिटवावयास शिकतात.

आपल्या नागपूरनेही या परंपरेत मोलाची भर घातली आहे. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले पावसात फुटकी बादली चेंडूसारखी लाथाडताना पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉलचे सामने भरविले. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. खेळाच्या मैदानावर गणित व इंग्रजीचे धडे देण्याचे प्रयोगही तिने केले. २०१६ मध्ये 'फिफा' या जागतिक फुटबॉल संघटनेने तिचा गौरव केला. स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाच्या महाविद्यालयातील एका शिक्षकाने शाळेबाहेरच्या मुलांकडे पाहावे, यात आम्हाला इतिहासाचा एक सुंदर धागा दिसतो.

आजची सायंकाळ

आज कारखान्यात राबणारी लहान मुले पूर्वीइतकी दिसत नाहीत. कायदा आहे, शाळा आहेत, दुपारचे भोजन आहे. तरीही २०२२ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. मूल शाळेत गेले म्हणजे शिकले, असे म्हणता येत नाही. मग पालक काय करतात? ज्यांना परवडते ते शिकवणी लावतात. पहिली-दुसरीचे मूल पाठीवरचे दप्तर न उतरविताच शिकवणीच्या खोलीत जाऊन बसते. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले दुकानाच्या पायरीवर किंवा हातातील मोबाईलवर सायंकाळ घालवितात. एकाचे बालपण अभ्यासाने दडपले जाते, दुसऱ्याचे उपेक्षेने. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत विश्रांती, खेळ आणि कला हा मुलाचा हक्क म्हणून नोंदविला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये मान्य केली. त्या हक्काची आठवण दोन्ही प्रकारच्या मुलांच्या वतीने आपणास करून द्यावीशी वाटते.

आणि आपली धर्मग्रामे? बहुतेक ठिकाणी चर्चला लागून सभागृह आहे, आवार आहे, पाण्याची सोय आहे. रविवारी तेथे गर्दी असते. लग्नाच्या हंगामात रोषणाई असते. इतर दिवशी सायंकाळी चार ते सात या वेळात त्या सभागृहाला कुलूप असते. डॉन बॉस्कोंना एका छपरासाठी वणवण करावी लागली, आणि आपल्यापाशी छप्पर असून दार बंद आहे. या एका गोष्टीचा आपण गांभीर्याने विचार करावा.

वर सांगितलेल्या इतिहासातून आम्हाला चार बोध मिळतात.

पहिला बोध असा की हा वर्ग शिकवणीची नक्कल होऊ नये. मिलानमध्ये वाचन होते, तुरीनमध्ये हिशेब होता, पण त्यांच्या जोडीला गाणे व खेळही होते. शाळेत जे मूल मागे पडले आहे त्याला वाचनात हात द्यावा, तोही गोष्टीच्या पुस्तकातून. नागपुरात तर साधनांची उणीव नाही. १८६३ मध्ये स्थापन झालेला अजब बंगला, म्हणजे आपले मध्यवर्ती संग्रहालय, आणि १९९२ मध्ये सुरू झालेले रमण विज्ञान केंद्र ही दोन्ही ठिकाणे मुलांना बरोबर घेऊन जाण्याजोगी आहेत.

दुसरा बोध असा की दारावर धर्म विचारू नये. धर्मशिक्षणाचा वर्ग आपल्या मुलांसाठी आवश्यकच आहे, त्याची वेळ वेगळी ठेवावी. सायंकाळचा वर्ग मात्र गल्लीतील प्रत्येक मुलाचा असावा, आणि त्यात कोणाला ओढून घेण्याचा छुपा हेतू नसावा. प्रेमाला आमिषाचा वास आला की ते प्रेम राहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात शाळेबाहेरच्या साधनांचे महत्त्व मान्य केले आणि गरिबांची काळजी अगत्याने घेण्यास सांगितले. ती शिकवण कोणत्याही एका पंथाच्या मुलापुरती नाही.

तिसरा बोध शिकविणाऱ्यांविषयी आहे. मिलानच्या शेकडो शाळा प्रापंचिकांनी चालविल्या. आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षिका आहेत, महाविद्यालयीन तरुण आहेत, शिवणकाम, सुतारकाम, पेटी-तबला जाणणारी माणसे आहेत. आठवड्यातून दोन सायंकाळी एकेकाने दिल्या तरी वर्ग उभा राहतो. मात्र हे काम विश्वासाचे असल्याने त्याला शिस्त हवी. मुलांबरोबर नेहमी दोन प्रौढ असावेत, दारे-खिडक्या उघड्या असाव्यात, पालकांना केव्हाही येऊन पाहण्याची मुभा असावी. बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये झालेला कायदा आपणा सर्वांना लागू आहे, आणि त्याचे पालन ही आपली नैतिक जबाबदारीही आहे.

चौथा बोध जाईबाईंचा. हमालाच्या मुलीत शिक्षिका दडलेली असू शकते. तिला ओळखणारी एक भगिनी भेटली, म्हणून ती प्रकट झाली. पण नुसते ओळखून भागत नाही. गावाचा रोष आला तेव्हा तिच्या पाठीशी कोणीतरी ठामपणे उभे राहावयास हवे होते. आपल्या वर्गात अशी वेळ आली तर मुलांची संख्या घटली तरी चालेल, परंतु कोणा शिक्षिकेला किंवा मुलाला जातीमुळे परत जावे लागू नये, असा निश्चय आरंभीच करावा.

प्रभू येशूने बालकांना आपल्याकडे येऊ द्यावे असे शिष्यांना सांगितले, तेव्हा त्यांची जात, इयत्ता वा गुणपत्रिका विचारली नाही. त्यांना अडविणारे परके कोणी नव्हते, प्रभूचेच शिष्य होते, हेही आपण विसरू नये. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. तोपर्यंत प्रत्येक धर्मग्रामाच्या पालकमंडळाने एक बैठक घ्यावी, सभागृहाच्या किल्ल्या कोणाकडे राहतील हे ठरवावे, दोन सतरंज्या, एक फळा, एक चेंडू आणि पन्नास गोष्टींची पुस्तके जमवावीत, आणि शाळा सुटण्याच्या वेळी दार उघडावे. प्रारंभाला याहून अधिक काही लागत नाही.